सायकलीचा मूळ रंग : एक पाठचिकित्सा

जुन्या सायकली जमवणाऱ्या मंडळींच्या बोलण्यात ‘ओरिजनल’ हा शब्द सतत येतो. ‘कलर ओरिजनल आहे’, ‘लायनिंग ओरिजनल आहे’, ‘मोनोग्राम मात्र बदललेला दिसतो’, अशा वाक्यांनी सायकलीची पारख होते आणि किंमतही ठरते. साहित्याच्या अभ्यासकाला हा शब्द ओळखीचा आहे, आणि फार जवळून ओळखीचा असल्यामुळे त्याच्याविषयी थोडा संशयही आहे. मूळ संहिता कोणती, तिच्यातले प्रक्षेप कोणते, लेखनिकाने चुकून काय घातले आणि हेतुपुरस्सर काय घातले, या प्रश्नांवर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खल झालेला आहे. प्रस्तुत लेखात हेच प्रश्न आम्ही सायकलीच्या रंगाला विचारून पाहणार आहोत. निमित्त आहे करवीर तालुक्यातील गडमुडशिंगी या गावी पाहिलेल्या एका सायकलीचे. परंतु तिच्याकडे येण्यापूर्वी बरेच लांबचे वळण घ्यावे लागेल. ‘सायकलीच्या रंगाला कसली आली आहे पाठचिकित्सा?’ असे कोणी विचारील. त्याने एवढेच लक्षात घ्यावे, की पोथीची दुसरी प्रत कोठेतरी सापडण्याची आशा असते. रंग एकदा खरवडला की ती आशाही उरत नाही.

आरंभ काळ्या रंगापासून करणे भाग आहे, कारण आपल्याकडे आलेली सायकल थोडे अपवाद वगळता काळीच होती. १८८५ मध्ये इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ ही दोन्ही चाके जवळपास सारखी असलेली, साखळीने चालणारी सायकल आली. १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवा भरलेली धाव केली. त्याच १८८८ मध्ये बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांचे सायकलींचे दुकान सुरू झाले. लक्ष्मणराव चित्रकार होण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले होते. परंतु काही रंगांतील भेद आपल्याला नीट ओळखता येत नाही, हे ध्यानात आल्यावर त्यांचे रंगचित्रण सुटले, ते यांत्रिक रेखनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्या विषयाचे अध्यापक झाले. रंगांच्या बाबतीत नियतीने अडवलेला हा गृहस्थ जी वस्तू विकू लागला, तिला रंग प्रायः एकच होता आणि तिचे सारे सौंदर्य रेषेत होते! योगायोगाला अर्थ चिकटवण्याचा मोह टाळावा, हे आम्हांला कळते. तरी हा योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. पुढचा लोखंडी नांगर, किर्लोस्करवाडी आणि १९२० मध्ये सुरू झालेली ‘किर्लोस्कर खबर’ हा इतिहास मराठीच्या विद्यार्थ्याला परिचित आहे. एका मोठ्या नियतकालिक परंपरेच्या मुळाशी सायकलीचे दुकान आहे, हे मात्र तो सहसा विसरतो.

सायकल काळीच का? ‘लोकांची अभिरुची गंभीर होती’ हे उत्तर आकर्षक असले तरी अपुरे आहे. खरे उत्तर भट्टीत आहे. त्या काळचा उत्तम टिकाऊ रंग म्हणजे डांबराच्या जातीचे नैसर्गिक शिलाजतू, जवसाचे उकळलेले तेल आणि टर्पेंटाइन यांचे मिश्रण. ते लोखंडावर चढवून दीडशे-दोनशे अंश सेल्सियसच्या भट्टीत भाजले, की काचेसारखी कठीण, चकचकीत आणि ओलावा न शिरू देणारी साय तयार होते. या मिश्रणाचा स्वभावच काळा. इतर रंगद्रव्ये तेवढ्या उष्णतेत करपत किंवा पिवळी पडत. फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ ही मोटार १९१४ ते १९२५ या काळात केवळ काळ्या रंगात मिळे, त्यामागेही बव्हंशी हेच रसायन होते. म्हणजे ज्याला आपण एका युगाची अभिरुची म्हणतो, ती पुष्कळदा त्या युगाच्या भट्टीची मर्यादा असते. साहित्यातील काही ‘युगप्रवृत्तीं’विषयीही हेच म्हणता येईल, असो.

या काळ्या रंगाचे नाव ‘जपान’. आजही आपल्याकडे रंगाच्या दुकानात ‘ब्लॅक जपान’ मागितले तर डबा मिळतो. पूर्व आशियातील लाखेसारख्या चकाकणाऱ्या वस्तूंची नक्कल युरोपात सतराव्या-अठराव्या शतकांत सुरू झाली आणि तिला ‘जपानिंग’ हे नाव पडले. इंग्लंडात या धंद्याची मोठी केंद्रे म्हणजे बर्मिंगहॅम, वुल्व्हरहॅम्प्टन आणि बिल्स्टन. तबके, डबे, चहाच्या पेट्या यांवर काळी साय चढवून वर सोन्याची नक्षी काढणारे कारागीर तेथे पिढ्यान्‌पिढ्या होते. तबकांची मागणी घटली तेव्हा त्याच गावांत सायकलीचा धंदा उभा राहत होता. वुल्व्हरहॅम्प्टनचे जॉन मार्स्टन हे जपानिंगचेच कारखानदार. १८८७ च्या सुमारास ते सायकलीकडे वळले आणि त्यांची ‘सनबीम’ सायकल तिच्या काळ्याभोर झिलईसाठी आणि सोनेरी रेघांसाठी नावाजली गेली. सायकलीवरची ती सोनेरी रेघ म्हणजे चहाच्या तबकावरच्या नक्षीची थेट वारस आहे.

गंमत पुढेच आहे. या झिलईला इंग्रजीत ‘लॅकर’ असाही शब्द आहे आणि त्याची व्युत्पत्ती पोर्तुगीजमार्गे आपल्या ‘लाखे’पर्यंत, म्हणजे संस्कृत ‘लाक्षा’पर्यंत पोचते. लाक्षागृहातली ती लाक्षा! सावंतवाडीच्या गंजिफांवर आणि खेळण्यांवर जिचा हात फिरला, तीच. शब्द येथून गेला, वस्तूचे नाव दुसऱ्याच देशावरून पडले आणि नक्कल तिसऱ्या देशात होऊन ती बोटीने मुंबई बंदरात परत आली. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाल्यावर हा माल आगगाडीने करवीर संस्थानात येणे सोपे झाले.

कारखान्यात रंग कसा चढे, हे थोडे तपशिलात सांगायला हवे, कारण पुढचा सारा वाद त्यावर उभा आहे. नळ्या आणि सांधे पितळेच्या डागाने जोडून सांगाडा तयार होई. तो स्वच्छ करून, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या चांगल्या सायकलींत फॉस्फेटचा गंजरोधक थर देऊन, काळ्या रंगाच्या हौदात बुडवीत किंवा त्यावर रंग ओतीत, निथळवीत आणि भाजीत. ही क्रिया एकाहून अधिक वेळा होई. मग रेघा. लांब केसांचा, बहुधा खारीच्या शेपटीच्या केसांचा ब्रश रंगात बुडवून कारागीर तो नळीवर टेकवी आणि हात न थांबवता एका दमात ओढून नेई. करंगळी नळीच्या कडेवरून घसरत जाई, तीच पट्टी. वरच्या नळीवर, खालच्या नळीवर, चिमट्याच्या पायांवर, मडगार्डांवर, साखळीच्या झाकणावर, प्रत्येकाचे आराखडे ठरलेले: कोठे जाड सोनेरी रेघेला चिकटून बारीक तांबडी, कोठे चौकट मिटवलेली, कोठे टोकाला भाल्यासारखी निमुळती. त्यानंतर उलट छापलेली नावे आणि चिन्हे कागदावरून रंगावर उतरवीत. या उतरणचित्रांवर पारदर्शक व्हार्निशचा हात फिरला की सायकल पेटीत भरायला तयार. मागच्या मडगार्डाच्या शेपटीवरचा पांढरा पट्टा हा या शोभेचाच भाग वाटतो. प्रत्यक्षात तो ब्रिटनमधल्या रात्रीच्या वाहतुकीच्या नियमातून आला. तिकडचा नियम बदलला, तरी आपल्या काळ्या सायकलीच्या शेपटीवर तो पट्टा पुढे कित्येक दशके टिकून राहिला. ज्या नियमाची आठवण कोणालाच नाही त्याचे अवशेष भाषेत जसे राहतात, तसाच हा प्रकार.

ओळखीच्या खुणा धातूतही असत. रॅलेच्या पुढच्या दातेरी चकतीत बगळ्याची डोकी, हंबरच्या चकतीत पाच मानवाकृती, रज-व्हिटवर्थच्या चकतीत पंजा. परंतु चकती बदलता येते, हँडल बदलते, चाके तर बदलतातच. सांगाडा आणि त्यावरचा रंग हीच काय ती सायकलीची स्वतःची वस्तू. म्हणूनच रंगाला प्रामाण्य आहे.

भारतात सायकल बनू लागल्यावर काय झाले? मुंबईत वरळीला १९३९ मध्ये हिंद सायकल्सचा कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधने आली आणि विलायती कंपन्या भागीदार शोधू लागल्या. १९४९ मध्ये मुरुगप्पा समूह आणि बर्मिंगहॅमची ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स यांनी मिळून मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स काढली, तेथे ‘हर्क्युलिस’ तयार होऊ लागली. १९५० च्या दशकाच्या आरंभी आसनसोलजवळ कन्यापूरला सेन-रॅलेचा कारखाना सुरू झाला. १९५१ मध्ये सोनीपतला ‘ॲटलास’, १९५६ मध्ये लुधियान्यात ‘हिरो’. सांगाड्याचा घाट तोच, काळा रंग तोच, सोनेरी रेघ तीच. ॲटलासने तर आपल्या एका सायकलीचे नावच ‘गोल्डलाइन’ ठेवले; तोपर्यंत रेघ ही शोभा न राहता प्रतिष्ठेची खूण झाली होती. नॉटिंगहॅमची भट्टी आसनसोलला आली, तेव्हा रेघ ओढणारा हात मात्र इथला होता. या हाताची नोंद कोठल्याही कंपनीच्या जाहिरातीत सापडायची नाही. ती आहे ती रेघेतच: जेथे ब्रशमधला रंग संपत आला तेथे रेघ किंचित फिकट होते, तेथे दुसऱ्यांदा ब्रश टेकल्याची गाठ दिसते. डाव्या आणि उजव्या बाजूच्या रेघा ताडून पाहिल्या तर त्या तंतोतंत जुळत नाहीत. हस्तलिखितात लेखनिकाचे वळण दिसावे, तसे हे वळण.

हिंद सायकल्स आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्यांचे १९८० मध्ये संसदेने कायदा करून राष्ट्रीयीकरण केले. पुढे ते सरकारी कारखानेही बंद पडले. ॲटलासचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना जून २०२० मध्ये थांबला, तोही जागतिक सायकल दिनी. या साऱ्या उद्योगाचा इतिहास लिहायचा तर आता भंगारात न गेलेली प्रत्येक सायकल हे साधन आहे, आणि त्या साधनावरचा सर्वांत बोलका भाग रंगाचा आहे.

आता गडमुडशिंगीकडे येऊ. कोल्हापूर शहरापासून आठ-दहा किलोमीटरांवरचे हे गाव. एका बाजूला उजळाईवाडीचे विमानतळ, दुसऱ्या बाजूला गांधीनगरची घाऊक बाजारपेठ. त्या बाजारपेठेच्या जागेचा इतिहासही थरांचाच आहे: वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात हजारो पोलिश निर्वासित, मुख्यतः स्त्रिया आणि मुले, राहून गेले, ते गेल्यावर सिंधी निर्वासित आले आणि त्यांनी बाजार उभा केला. अशा परिसरातल्या गावांना शहराशी जोडणारे वाहन दीर्घकाळ सायकल हेच होते. कॅरिअरच्या दोन्ही अंगांना किटल्या अडकवून दूध घेऊन जाणारे गवळी, शाहू मिलच्या पाळीला जाणारे कामगार, उद्यमनगरातल्या ओतशाळांत आणि लेथवर काम करणारी मुले, हायस्कुलातले विद्यार्थी, सगळे त्याच काळ्या सायकलीवर. तिच्यावर बसणारा आणि तिला रंगवणारा यांचे नाते इंग्लंडातल्या खरेदीदाराहून वेगळे होते. सायकल झिजे ती दुधाच्या, घामाच्या आणि पावसाच्या पाण्याने. कडबा घासून रंग उडे. मग खंडेनवमीच्या आधी ती घासूनपुसून पुन्हा रंगवली जाई. त्यासाठी भट्टी नसे. दारे-खिडक्या रंगवून उरलेला ऑइल पेंट असे, नाहीतर गॅरेजमधला ‘ड्युको’. १९२० च्या दशकात अमेरिकेत निघालेल्या एका रंगाचे हे व्यापारी नाव आपल्याकडे फवाऱ्याच्या रंगाचे सामान्यनाम होऊन बसले आहे. बेंदराला बैलांची शिंगे रंगवणाऱ्या हाताला सायकल कोरी सोडवणे शक्यच नव्हते.

आणि हे कोल्हापूर आहे, हे विसरून चालणार नाही. ज्या गावात बाबूराव मेस्त्री यांनी आपला व्यवसायच आडनाव म्हणून मिरवला आणि ते ‘बाबूराव पेंटर’ (१८९०-१९५४) म्हणून चित्रपटाच्या इतिहासात गेले, त्या गावात ‘पेंटर’ हा शब्द हलका नव्हता. नाटकाचे पडदे, चित्रपटांचे फलक, दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्यांची मोठी परंपरा या शहरात झाली. तिचे एक टोक आसपासच्या खेड्यांतल्या सायकलींच्या साखळी-झाकणांपर्यंत पोचले. ‘श्री जोतिबा प्रसन्न’, ‘अंबाबाईची कृपा’, मालकाचे नाव, गावाचे नाव, आणि अक्षरांना मागून लाल छाया. ही अक्षरे कारखान्यातून आलेली नाहीत, म्हणजे काटेकोर अर्थाने प्रक्षेप आहेत.

आम्ही पाहिलेली सायकल एका घराच्या पडवीत भिंतीला टेकवून ठेवलेली होती. अठ्ठावीस इंची, दांड्याच्या ब्रेकची, वरून संपूर्ण निळी. मोनोग्राम गेलेला, पुढची चकती नंतरची, सीट तर अगदी अलीकडची. घरच्यांची परंपरागत समजूत अशी, की सायकल ‘विलायती’ आहे. बाहेरगावच्या एका संग्राहकाने तिला मागणी घातली होती: रंग काढून, नवे लायनिंग मारून, ‘डिट्टो कंपनीसारखी’ करण्याचा त्याचा बेत. साखळीच्या झाकणावर निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत घरच्या आजोबांचे नाव होते. नातू म्हणाला, “रंग काढून नवी करणार म्हणतासा, ते बरं हाय. पण मग आज्जाचं नाव कुठं ठेवणार?” या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी तेव्हा नव्हते आणि पुढच्या सर्व विवेचनाचा उगम तेथेच आहे.

सायकल वाचायला आम्ही बसलो ते एका दिवसासाठी. निळ्याखाली काही ठिकाणी मेंदीसारखा तांबूस थर होता, त्याखाली काळा. ऑइल पेंट भट्टीच्या रंगाहून मऊ असतो. त्यामुळे सौम्य द्रावणाने, कापसाच्या बोळ्याने, फार सावकाश काम केले तर वरचा थर उतरून खालचा टिकू शकतो. उतरणचित्रे आणि रेघा मात्र त्यात फार लवकर मरतात. म्हणून नखाएवढ्या जागेत प्रयोग करून आम्ही थांबलो. सगळ्यांत उपयोगी पडली ती दिव्याच्या पट्टीखालची जागा. पट्टी कधीच काढलेली नव्हती, त्यामुळे नंतरचा कोणताही रंग तिच्याखाली गेलेला नव्हता. तेथे काळा रंग जसाच्या तसा, आणि त्यावर दोन रेघा: एक जाड, हिरवट तपकिरी, आणि तिला लागून एक बारीक तांबडी.

येथे नवखा वाचक हमखास फसतो. हिरवट तपकिरी रेघ मुळात हिरवट नसते. स्वस्त सायकलींवरची ‘सोनेरी’ रेघ सोन्याच्या वर्खाची नसून तांबे आणि जस्ताच्या भुकटीची असते आणि ती काळाने काळवंडते, हिरवी पडते. खरा वर्ख शंभर वर्षांनीही पिवळाच राहतो. तसेच वरचे व्हार्निश पिवळे पडले की पांढरी रेघ मलईच्या रंगाची दिसते, निळी हिरवी दिसते. दिसेल तो रंग मूळ मानून नवी रेघ ओढली, तर आपण काळाची नक्कल करतो आणि तिला कारखान्याची नक्कल म्हणतो. उलट चकचकीत पिवळी ओढली, तर तीही बहुधा मूळ कारागिराच्या छटेहून भडकच होते. पाठचिकित्सक ज्याला लिप्यंतरातला दोष म्हणेल, तोच हा. फक्त येथे लिपी बदललेली नसून शाई बदललेली आहे.

मोनोग्रामच्या जागी रिबिटाची दोन भोके होती आणि त्यांभोवती, निळा थर जेथे विरळ होता तेथे, काळ्यावर एक लंबगोल सावली. ऊन न लागलेला काळा आणि ऊन लागलेला काळा यांत फरक असतो. सीटच्या नळीवर तळाशी, साखळीच्या झाकणाच्या पट्टीआड, उतरणचित्राचा तुकडा शिल्लक होता. रोमन लिपीतली तीन अक्षरे: डी, आय, ए. इंग्लंड हा शब्द डी या अक्षरावर संपतो. त्यापुढे काही येऊ शकत नाही. येथे डी नंतर दोन अक्षरे होती. म्हणजे सायकल विलायती नव्हती. कोणत्या कारखान्याची, हे तेवढ्यावरून सांगता येत नाही. परंतु ती इथे बनली, तिची रेघ इथल्या कोणीतरी ओढली, एवढे त्या तीन अक्षरांनी सिद्ध केले. घरच्यांचा थोडा हिरमोड झाला, तो आम्ही पाहिला.

संग्राहकाच्या योजनेत या तीन अक्षरांना जागा नव्हती. बाजारात नवी उतरणचित्रे छापून मिळतात आणि त्यांत मागणी कशाला असते, हे सांगायला नको. आसनसोल किंवा वरळीचा सांगाडा वाळूच्या माऱ्याने साफ करून त्यावर ‘मेड इन इंग्लंड’ चिकटवणे, हा आमच्या मते निव्वळ व्यापारी लबाडीचा प्रश्न नाही. मुळाच्या नावाने येथे खोटे मूळ निर्माण होते आणि ते होताना दोन खरी माणसे एकदम पुसली जातात: कारखान्यात रेघ ओढणारा एक, आणि गावात नाव लिहिणारा दुसरा. कोणी म्हणेल, जुन्या सायकली तशाही भंगारात जात होत्या. संग्राहकाने निदान वाचवल्या. हे खरे आहे, आणि संग्राहकांविषयी आमच्या मनात सरसकट अढी नाही. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी उभे केलेले सायकलींचे संग्रहालय पाहिले म्हणजे अशा वेडाचे ऋण किती मोठे आहे, ते कळते. आक्षेप आहे तो वाचण्यापूर्वी खरवडण्याला.

व्हित्तोरिओ दे सिका यांच्या ‘बायसिकल थीव्ह्ज’ (१९४८) या चित्रपटात चोरीला गेलेल्या सायकलीचा शोध घेत बाप-लेक रोमच्या बाजारात येतात, तेव्हा तेथे एक माणूस एका सांगाड्याला रंग देत बसलेला असतो. बापाला संशय येतो. तो सांगाड्यावरचा आकडा दाखवायला सांगतो. प्रकरण पोलिसापर्यंत जाते आणि आकडा जुळत नाही. या प्रसंगात रंग देणे हीच संशयाची खूण आहे, कारण रंग बदलला की सायकलीची ओळख आकड्यापुरती उरते. आपल्याकडे नगरपालिकेचा कर भरल्याचा पत्र्याचा बिल्ला असे. तो हरवला की मालकी सिद्ध करायला पुन्हा साखळी-झाकणावरचे नावच उपयोगी. म्हणजे ज्याला आपण प्रक्षेप म्हटले ते नाव प्रत्यक्षात सायकलीचे सर्वांत व्यावहारिक प्रमाणपत्र होते.

भांडारकर प्राच्यविद्या संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची आठवण येथे अपरिहार्य आहे. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९२५ मध्ये संपादनाची सूत्रे हाती घेतली आणि १९६६ मध्ये ते काम पुरे झाले, तेव्हा ते स्वतः हयात नव्हते. त्या आवृत्तीने प्रक्षिप्त ठरवलेले श्लोक नष्ट केले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत, खुणा आणि क्रमांक देऊन, छापले. संहितेत एक पाठ वर राहिला आणि बाकीचे खाली राहिले, पण राहिले. वाचकाला वाटले तर तो संपादकाशी भांडू शकतो. सायकलीच्या बाबतीत हे उदाहरण एका मर्यादेपर्यंतच चालते. पोथीचे दोन थर कागदावर शेजारी छापता येतात, लोखंडावर नाही. खालची सोनेरी रेघ पाहायची तर वरचे आजोबांचे नाव जाते, आणि नाव राखायचे तर रेघ अंधारात राहते. येथे संपादकाला निवड करावीच लागते आणि ती परत फिरवता येत नाही. सुकथनकरांना ही अडचण नव्हती.

आमचा कौल विचाराल तर तो असा. कारखान्याचा थर उघडा आणि वाचण्याजोगा असेल, तर तो कितीही उडालेला असो, त्यावर नवा रंग चढवू नये; धूळ काढावी, मेण चोळावे, गंज थांबवावा. वर गावातला थर असेल आणि त्यावर माणसाचे नाव असेल, तर तो राखावा आणि खालच्याचा शोध झाकलेल्या जागांतून घ्यावा. दोन्ही गेले असतील तरच नव्या रंगाला हात घालावा, आणि तो नवा आहे हे तळाशी कोठेतरी सालासकट लिहून ठेवावे. गडमुडशिंगीची सायकल आम्ही लेख लिहीपर्यंत निळीच आहे. संग्राहकाची मागणीही कायम आहे, आणि नातवाने अजून होकार दिलेला नाही, नकारही दिलेला नाही.

दरम्यान ज्यांच्या घरी अशी सायकल असेल त्यांनी निदान एवढे करावे. पॉलिश पेपर हाती घेण्यापूर्वी दिव्याची पट्टी, पंपाच्या खुंट्या आणि साखळीचे झाकण सोडवून त्यांच्याखालच्या जागेची छायाचित्रे दिवसाच्या उजेडात, शेजारी पांढरा कागद ठेवून घ्यावीत, म्हणजे छटा ताडता येते. मोनोग्राम नसेल तर त्याच्या भोकांतले अंतर मोजावे. मागच्या चाकाच्या हबवर स्टर्मी-आर्चरचे नाव असेल तर त्याच्यावरचे आकडे पाहावेत, त्यांत पुष्कळदा सालही असते. अर्थात चाक बदललेले असू शकते. शेवटी सायकल उलटी करून पायडलांच्या आसाखालचा आकडा उतरवून घ्यावा. तो बहुधा सगळ्यांत वरच्या रंगाखाली बुजलेला असतो. कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासली तर रंग न काढताही तो उमटतो.